भोंगाडेजींचा ओळंबा

भोंगाडेजी आमच्याकडे पहिल्यांदा आले, तेव्हा नमस्काराआधी त्यांनी भिंत तपासली. खिशातून दोरी काढली, तिच्या टोकाचा पितळी ओळंबा चौकटीशेजारी सोडला, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "भाऊ, तुमची भिंत दोन सूत बाहेर आहे."

बायको चहाचा कप घेऊन तशीच उभी. जणू तिच्याच चालीत खोट काढली होती.

"दिसते तर सरळ," मी म्हणालो.

"डोळ्यावर भरवसा काहून ठेवता?"

हे त्यांचं पालुपद. बड्या फुहाऱ्याच्या बाजारात कापड घेतलं की दुकानदाराच्या नाकासमोर स्वतःच्या फुटपट्टीनं पुन्हा मोजायचे. पनागर गावाहून येणारी भाजीवाली 'ताजे मटर' ओरडली, की हे तिला म्हणायचे, "आँख का क्या भरोसा, बाई? छीलके दिखा." आमच्या चेरीताल मोहल्ल्यात असा संशयी माणूस दुसरा नव्हता. म्हणजे मला सोडून.

हे आमचे शेजारी. मूळचे वर्ध्याकडचे, इकडे हिंदी मुलखात एकटेच राहायचे. मी दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये कारकून, ते तिथेच बांधकामावर वीस वर्षं गवंडी. गुडघे गेलेले, परांचीवर चढवेना. तेवढ्यात त्यांचं नाव लागलं एका ट्रेनिंगला. धंदेशिक्षणाच्या शाळेत गवंडीकाम शिकवायचं, तर आधी शिकवायचं कसं ते शिका. शेवटी परीक्षकांसमोर एक पाठ द्यायचा. पास झाले तर मास्तर, नापास झाले तर त्याच गुडघ्यांनी पुन्हा परांचीवर.

हात सोन्याचा, पण तोंडाला कुलूप. चार माणसं समोर आली की घामाघूम. "भाऊ, वीट बोलत नाही म्हणून तिच्याशी माझं जमते," असं म्हणायचे.

अशात लढाई लागली. खिडक्यांच्या काचांना काळा कागद चिकटला, फॅक्टरीच्या फाटकावर डबे उघडून पोळ्यासुद्धा मोजायला लागले, आणि गल्लीत जो तो दुसऱ्याकडे तिरक्या नजरेनं पाहून राहिला होता. माझी नजर तर जन्माचीच तिरकी! भोंगाडेजी दर रविवारी दुपारी पिशवी घेऊन सायकलवर पनागरच्या बाजूला जायचे. कुठे, विचारलं तर "आहे थोडं काम". सोबत येऊ का, तर "नको नको". दाल में काला!

एकदा त्यांच्या पिशवीतून वही आमच्या ओट्यावर पडली. परत द्यायची सोडून मी ती वाचली. आत लिहिलं होतं: 'खाली सारे स्ट्रेचर. वर हेडर. राणी कोपऱ्याजवळ बसवायची. तीन-चार-पाच, चुकायचं नाही.'

"अगंबाई! स्ट्रेचर म्हणजे जखमींचं ना हो?" बायको म्हणाली. "आणि ही राणी कोण?"

"खरं नाव थोडंच लिहिणार तो!"

गल्लीत नागरी संरक्षणाचं काम दुबेजींकडे होतं. दंडाला पट्टी, गळ्यात शिट्टी, आणि ती फुंकायला मिळत नाही याचं दुःख. मी त्यांना वही वाचून दाखवली. मराठीचं हिंदी करताना थोडं तिखटमीठ पडलंच. दुबेजींनी शिट्टी चाचपली आणि म्हणाले, "इतवार को चलते हैं."

शनिवारी भोंगाडेजी दारात आले. चेहरा उतरलेला.

"भाऊ, माझी वही दिसली काय? सोमवारी पाठ आहे. सारं त्याच्यातच लिहिलं आहे."

"नाही बुवा," मी म्हणालो.

सगळ्या जगावर ओळंबा धरणारा हा माणूस. माझ्यावर नाही धरला. "बरं," म्हणाले आणि गेले.

रविवारी दुपारी दुबेजींनी आणि मी अंतर ठेवून त्यांच्या मागे सायकली हाणल्या. पनागरच्या रस्त्याला एक बंद पडलेली वीटभट्टी होती, तिथे ते आत शिरले. आम्ही ढिगाऱ्यामागे दबा धरून बसलो. आतून आवाज आला, "शांत बैठो! पीछे कौन बात कर रहा है?"

"पूरी टोली है," दुबेजी कुजबुजले.

मी मान उंचावून पाहिलं. टोळीच होती. वीस विटा, चारचार करून पाच ओळींत उभ्या. समोर भोंगाडेजी, धुतलेल्या शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली.

"लंबी बाजू दिखे तो स्ट्रेचर. छोटी बाजू दिखे तो हेडर. और ये उभी कापलेली अर्धी वीट, इसको बोलते हैं रानी. कोपऱ्याजवळ बसवायची, म्हणजे सांध्यावर सांधा येत नाही. तीन, चार, पाच फूट नापो, कोना सीधा..." इथे ते अडकले. वही नव्हती ना! कपाळ पुसलं, पहिल्या ओळीतल्या एका विटेकडे वळले आणि हळूच म्हणाले, "शंकर, तू सांग बरं, पुढे काय?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. उठलो, पुढे गेलो आणि वही त्यांच्या हातात ठेवली. "माझ्याकडेच होती. खोटं बोललो मी."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती वहीवरची धूळ झटकली.

"शंकर कोण?" मी विचारलं.

"भाऊ माझा, धाकटा. गावाकडं आम्ही दोघांनी घर बांधलं. तो म्हणे, ओळंबा लावून घे. मी म्हटलं, दिसते तर सरळ." समोरची वीट ओळीत नीट केली. "पावसात भिंत बसली. आत तोच झोपला होता."

दुबेजींनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात घातली.

"अब हमको पढ़ाइए," म्हणत ते खाली बसले. मीही पुढे बसायला गेलो, तर भोंगाडेजी म्हणाले, "भाऊ, तिथं नका बसू. ती शंकरची जागा आहे." मी मागे बसलो. जिवंत माणसांसमोर ते चारदा अडखळले, पाचव्यांदा पाठ पुरा झाला. शेवटी मला विचारलं, "ओळंबा कशासाठी?"

"भिंत सरळ आहे का, ते बघायला."

"चूक. भिंतीखाली कोणी तरी झोपते म्हणून."

सोमवारी ते पास झाले. निकाल आणायला मीच गेलो होतो. तिथला शिपाई सांगत होता, मिस्त्रीजींनी आधी पहिल्या बाकावर एक वीट ठेवली. परीक्षकांना वाटलं, नमुना असेल. शिकवणं संपल्यावर त्यांनी विचारलं, "और ये ईंट? इसका तो आपने कुछ किया ही नहीं."

भोंगाडेजी म्हणाले, "वो सुनने आया है, साहब."