राणीसाहेबांच्या परीक्षेची आणि करवंदी शीतपेयाची हकीकत

श्रीअन्नपूर्णा प्रसन्न, श्रीजलदेवता जागृत. ज्या कोणास हे लिखित वाचावयाचे असेल त्याणे पंखा सुरू करून, पाण्याचा तांब्या जवळ घेऊन बसावे, कारण हकीकत भर उन्हाळ्याची आहे. शके १९४७, विश्वावसु नाम संवत्सरे, चैत्र मास, ते समयी एक राज्य होते. राज्य तिसऱ्या मजल्यावर, दालने दोन, मुदपाकखाना एक, आणि पूर्वेस कपडे वाळत घालण्याचा सज्जा. राज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही, सबब लिहिले नाही. गादीवर दिगंबरराव महाराज, वय वर्षे अठ्ठावन्न, नुकतेच चाकरीतून मोकळे जाहलेले. आणि राणीसाहेब शैलजाबाई, वय वर्षे एक्कावन्न. कन्या ऋतुजाबाई परमुलखी नोकरीस. महाराजांचा पराक्रम म्हणाल तर वर्तमानपत्र एका बैठकीत पहिल्या पानापासून छोट्या जाहिरातींपर्यंत वाचून काढीत. परंतु मुदपाकखान्याचा उंबरा त्यांणी पाण्याच्या बाटलीखेरीज दुसऱ्या कामास ओलांडिला नव्हता, आणि चहा कसा होतो हे त्यांस लांबून पाहूनच ठाऊक.

राणीसाहेबांचा लौकिक निराळा. इमारतीत कोणाचा दाखला अडला, कोणाच्या नावात चूक जाहली, की रयत त्यांजकडे येई, आणि त्या असा अर्ज लिहून देत की कचेरीतला कारकून खुर्ची सोडून उभा राही. सगळे म्हणत, बाई, तुम्ही वकीलच व्हायच्या. ऐसे पंचवीस वर्षे ऐकून घेतले आणि मग अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बाईंनी खरेच विद्येच्या दरबारी नाव दाखल केले. बखरकार म्हणतो, यास छाती लागते. तीन सालांत सारे कागद उतरले, एक पुराव्याचा कायदा राहिला. तो राहिला का, तर गतवर्षी दोन ते पाच अशी परीक्षा, आणि तिसऱ्या प्रहरी, ऐन लिहिण्याच्या रंगात, राणीसाहेबांस झोप लागली. डोके उत्तरपत्रिकेवर टेकिले, लेखणीची रेघ पानभर ओढत गेली, आणि जाग आली तेव्हा घंटा वाजत होती. आता यंदाची संधी शेवटची. यंदा न उतरल्यास मागले उतरलेलेही बाद, ऐसा दरबाराचा नियम. इतके पणास लागलेले.

झोप का येई, तेही लिहिणे प्राप्त. त्या राज्यात नळास पाणी पहाटे साडेचारास येई आणि साडेपाचास जाई. ते भरण्याची जोखीम लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून राणीसाहेबांकडे. का म्हणून, त्याचा कागद दफ्तरात शोधूनही सापडत नाही. अठ्ठावीस वर्षे साडेचारास उठलेला देह दुपारी तीन वाजता मान टाकीलच, यास वैद्य कशास पाहिजे? परंतु हे महाराजांस सांगावे ऐसा दरबारात कोणी नव्हता, आणि महाराजांस आपणहून सुचले नाही. दुधाच्या चहाने राणीसाहेबांस पित्त होई, तो मार्गही बंद.

पाडव्यास कन्या आली आणि मातुश्रींस नदीपलीकडील एका काफीखान्यात घेऊन गेली. तेथे उंच पेल्यात तांबडे, फळांचे, बर्फाने भरलेले, बुडबुडे सुटणारे ऐसे एक पेय मिळाले. राणीसाहेबांनी ते नळीने ओढिले, आणि नवल वर्तले. घरी येऊन तीन ते सहा वाचीत बसल्या, एकदाही डुलकी नाही. महाराजांनी चष्म्यावरून पाहिले आणि थक्क जाहले. मग चार दिवस स्वारी रिक्षाने काफीखान्यास गेली. जाण्यायेण्यास दोन तास, तेथील गाण्यांच्या गोंगाटात वाचन नाही. झोप उडे तसा अभ्यासही उडे. पाचव्या दिवशी राणीसाहेब म्हणाल्या, "राहू दे. दोन तास घालवून जागी राहायचं आणि मग वाचायचं कधी?" आणि पुस्तक उघडून बसल्या, आणि सव्वातीनास मान खाली.

ती खाली गेलेली मान महाराजांनी पाहिली. बखरकारास वाटते, लग्नानंतर त्यांणी ती प्रथमच नीट पाहिली. ते उठले, पंचा कमरेस गुंडाळिला, मुदपाकखान्यात शिरले आणि परमुलखी परतलेल्या कन्येस फोन लाविला. "ऋतू, त्या तांबड्या पाण्यात असतं काय?" कन्या म्हणाली, "बाबा, हिरव्या कॉफीचा अर्क असतो. घरी ग्रीन टी दाट करून चालेल. त्यात फळांचा रस, वरून सोडा, भरपूर बर्फ. पण कोण करणार?" महाराज बोलिले, "मी." मग कन्या म्हणाली, "आई बरी आहे ना?"

येणेप्रमाणे मोहीम सुरू जाहली. पहिल्या दिवशी महाराजांनी लांबून पाहिलेला चहा आठवून हिरवी पत्ती पातेल्यात टाकिली आणि आले किसून दहा मिनिटे खळखळ उकळिली. जे निघाले ते काढ्याहून कडू. त्यात डाळिंबाचा रस घातला तर डाळिंबही फुकट गेले. दुसऱ्या दिवशी सोडा आधी ओतला, रस मागाहून, आणि एकजीव व्हावे म्हणून ताकाची रवी घेऊन घुसळिले. फेस उसळून पातेल्याबाहेर, ओट्याखाली, आणि महाराजांच्या पंच्यावर आला. राणीसाहेब आवाजाने धावत आल्या, ओटा पाहिला, महाराज पाहिले, आणि म्हणाल्या, "अहो, सोडा आहे तो. लोणी नाही यायचं." तिसऱ्या दिवशी चहा बेताचा, रस बेताचा, सोडा शांत, महाराज खुशीत पेला घेऊन गेले. राणीसाहेबांनी एक घोट घेतला, थांबल्या, दुसरा घेतला. म्हणाल्या, "छान आहे. फक्त सुकटीचा वास येतोय." शोध करता बर्फाच्या साच्याशेजारी सुकटीची पुडी गेल्या श्रावणापासून ठाण मांडून बसलेली आढळली. ती तत्काळ हद्दपार केली, साचे लिंबाने घासिले, बर्फास झाकण केले.

दुसरा कोणी असता तर हात झटकून पुन्हा वर्तमानपत्र उघडिता. महाराज हटले नाहीत. पाणी उकळून खाली उतरवावे, दोन मिनिटे निववावे, मग पत्ती टाकून झाकावे, तीन मिनिटांत गाळावे, म्हणजे कडवटपणा येत नाही, हे त्यांणी आपल्या अकलेने काढिले. बाजारची बाटलीतली तांबडी सरबते आणिली, त्यांस खोकल्याच्या औषधाची चव. ती मोरीत गेली. कलिंगड करून पाहिले, ते बर्फात फिके पडे. मग एके दिवशी बाजाराच्या तोंडाशी डोंगरातल्या बायका करवंदांच्या पाट्या घेऊन बसलेल्या दिसल्या, काळीभोर करवंदे, पानाच्या द्रोणात. महाराजांनी एक तोंडात टाकिले आणि जागीच उभे राहिले. आंबट, गोड, आणि पाठीमागून थोडे तुरट. घरी आणून धुतली, थोडी साखर घालून मऊ शिजविली, मलमलीतून गाळिली. तो रंग! थंड चहात लिंबू पिळून हा रस मिळविला, पेला बर्फाने भरिला, वरून सोडा कडेकडेने सोडिला आणि चमचा लाविला नाही. राणीसाहेबांनी पेला तोंडास लाविला तो रिकामा करूनच खाली ठेविला, आणि म्हणाल्या, "हे त्या दुकानापेक्षा चांगलं झालंय." त्या खोटे बोलत नसत, पुराव्याचा कायदा शिकत होत्या. महाराजांस अठ्ठावन्न वर्षांत इतका आनंद क्वचित जाहला असेल.

आता एक गोष्ट घडली ती मोठी, परंतु घडताना लहान दिसली. पेला साधण्यासाठी महाराज दिवसभर चव घेत, सकाळी चमचाभर, दुपारी वाटीभर, संध्याकाळी उरलेसुरले पातेले उभ्यानेच. तो दाट चहा त्यांच्या अंगी मुरला आणि पहाटे चारासच डोळे टक्क उघडू लागले. पडून पडून किती पडावे? साडेचारास नळ गुरगुरला, महाराज उठले, राणीसाहेबांच्या उशाचा गजर वाजताच दाबिला, बादली लाविली, पिंप भरिले, हंडे भरिले. राणीसाहेबांस जाग आली ती सव्वासहास. दचकून उठल्या, "अगबाई, पाणी गेलं!" म्हणत धावल्या, तो महाराज गुडघ्यापर्यंत भिजून उभे. "हे कुणी भरलं?" "मी." "पिंपसुद्धा?" "पिंपसुद्धा." "फडक्यातून गाळून?" महाराजांनी खुंटीवरले कोरडे फडके पाहिले आणि म्हणाले, "उद्या गाळतो." आणि खरोखर दुसऱ्या दिवशी गाळिले, तिसऱ्या दिवशीही. पुढे परीक्षेपर्यंत एक दिवस चुकला नाही. राणीसाहेब सहाच्या पुढे निजू लागल्या आणि तिसऱ्या प्रहरी ताठ बसून कलमे पाठ म्हणू लागल्या. रयत म्हणू लागली, महाराजांच्या पेयाचा गुण! शेजारच्या राज्यातून कृती विचारावयास बायका येऊ लागल्या. महाराज मिशीत हसत आणि खरेच तसे मानीत.

वैशाख वद्य तृतीयेस परीक्षा. आदले दिवशी महाराजांनी करवंदाचा रस चार वेळा गाळिला. दरबाराचे फर्मान होते की केवळ पारदर्शक बाटली आत जाईल. सबब काचेसारखी बाटली, सोडा वगळून पेय, गळ्यापर्यंत बर्फ, ऐसा सरंजाम घेऊन उभयतां दीड वाजता परीक्षागृहाच्या दरवाजाशी पोहोचले. दरवाजावर सावळाराम म्हणून चौकीदार. त्याणे बाटली पाहिली आणि हात आडवा केला. "बाई, पाणीच चालंल. ह्ये तांबडं काय?"

राणीसाहेबांचा चेहरा उतरला. महाराज पुढे सरले. "नियम काय लिहिलाय?"

"पारदर्शक बाटली पायजे."

"मग ही काय आहे?"

"बाटली हाय हो साहेब. आतलं न्हाई दिसत तसं."

महाराजांनी बाटली उचलून डोळ्यांसमोर धरिली, भिंतीवरल्या सूचनाफलकाकडे तोंड केले, आणि त्या तांबड्या पेयातून पाहून पहिल्यापासून मोठ्याने वाचू लागले: परीक्षार्थींनी अर्धा तास आधी हजर राहावे, मोबाइल आणू नये, बाटली पारदर्शक असावी. एक अक्षर अडले नाही. वर्तमानपत्रावर उभे आयुष्य पोसलेली नजर अखेर कामास आली. रांगेतली पोरे हसू लागली. सावळारामाने बूच काढून वास घेतला, महाराजांकडे पाहिले, राणीसाहेबांकडे पाहिले. "दारू न्हाई ना?" "करवंदं आहेत." "घरी केलं?" "मी केलं." त्याणे बूच लाविले, बाटली राणीसाहेबांच्या हाती दिली आणि बाजूस झाला. "जावा बाई. साहेबांनी लई कष्ट घेतल्यात."

मग राणीसाहेब आत गेल्या आणि महाराज बाहेर. बसावयास सावली नाही, एक पांगाऱ्याचे झाड, तेही निष्पर्ण. दोन वाजले, तीन वाजले. तिसऱ्या प्रहरी महाराज दरवाजाच्या आणखी जवळ सरले. आता डुलकी आली असेल, आता बूच उघडिले असेल, आता एक घोट, आता दुसरा, ऐसे ते मनात मोजीत राहिले. वैशाखाचे ऊन डोक्यावर, घसा कोरडा, परंतु चौकीदाराने देऊ केलेले पाणीही घेतले नाही, दरवाजावरून नजर काढावी लागेल म्हणून. बखरकाराने अनेक वेढ्यांची वर्णने वाचिली आहेत, परंतु कोणी राजा आपल्या राणीच्या जागेपणासाठी ऐसा तीन तास उभा राहिल्याचे कोठे आढळले नाही.

पाचास घंटा जाहली. माणसांच्या लोटात राणीसाहेब आल्या. हातात बाटली. महाराजांनी चेहरा पाहण्याआधी बाटली पाहिली, आणि बाटली गळ्यापर्यंत भरलेली. बर्फ वितळून गेलेला, बूच जसे लाविले तसेच. "झोपलीस?" इतकेच तोंडातून निघाले.

"झोपते कशाला! तीन पुरवण्या जोडल्या. जीव ओतून लिहिलं सगळं."

"मग ही बाटली?"

राणीसाहेबांनी बाटलीकडे असे पाहिले की जणू ती प्रथमच पाहात आहेत. "अहो, आठवणच झाली नाही हिची. झोपच आली नाही तर काय करायचं?" आणि मग थांबून, महाराजांच्या उन्हाने लाल जाहलेल्या तोंडाकडे पाहून, हलकेच म्हणाल्या, "महिना झाला मी सहापर्यंत झोपतेय. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा माझी झोप पुरी झालीय. तुमचं पेय लागू पडलं, पण प्यायलात ते तुम्ही."

महाराजांस सर्व एकदम उमगले, आणि अठ्ठावीस वर्षांच्या पहाटाही एकदम उमगल्या. त्यांणी खाली पाहिले. भर रस्त्यात त्यांचे डोळे भरून आले, हे लिहिण्यास बखरकारास संकोच नाही. राणीसाहेबांनी बूच उघडिले आणि बाटली त्यांच्या पुढे केली. "घ्या. घसा सुकला असेल." महाराजांनी आजवर चमच्याने, वाटीने, पातेल्याने चव घेतली होती, परंतु कोणी हातात दिलेले म्हणून कधी प्यायले नव्हते. अर्धी बाटली एका दमात संपली. तोंड पुसून म्हणाले, "चांगलं झालंय गं."

सावळाराम दरवाजा लावीत होता. राणीसाहेब त्यास ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "होणारच. आमच्या ह्यांनी केलंय."

तात्पर्य इतकेच. राणीसाहेब आषाढात उत्तीर्ण जाहल्या, पुराव्याच्या कायद्यात सर्वांत अधिक गुण. करवंदे सरली, पेय बंद जाहले, महाराजांस पुन्हा गाढ झोप लागू लागली. तरी साडेचाराचा गजर त्यांणी आपल्याच उशाशी ठेविला आहे, आणि पाणी गाळूनच भरितात. पाहिले तसे लिहिले, ज्यास शंका असेल त्याणे पहाटे येऊन पाहावे.