काका चार दिवस बसले

गुलाबकाका चिमटा काढल्याशिवाय कशावरही बसत नाहीत. लग्नातला सोफा असो, एसटीचं सीट असो की बँकेतल्या साहेबासमोरची खुर्ची. आधी दोन बोटांनी चिमटा, मग डोळे मिटून विचार, मग निकाल. एकदा पुतणीच्या सासरी गादीला चिमटा काढून "खोटा माल!" म्हणाले आणि जेवलेसुद्धा उभ्यानेच.

काकांचा जन्म गेला देवळीच्या जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवण्यात. चिमूटभर कापूस घ्यायचा, दोन्ही अंगठ्यांत ताणायचा आणि धागा किती लांब ते सांगायचं. माणूस कधी चुकला नाही, असं सगळं गाव सांगतं. काका स्वतः जरा जास्तच सांगतात.

मी त्यांचा शेजारी, शाळामास्तर. दोन वर्षांपूर्वी गच्चीवरची पाण्याची टाकी धुताना पडलो आणि कमरेखालची जाणीवच गेली. घरात चाकाची खुर्ची आली. दवाखान्यातल्या फिजिओताईंनी बजावलं, "सर, खुर्चीवरची उशी नीट बघून घ्या. खाली रुतलं तरी तुम्हाला कळणार नाही. जखम झाली तर महिनोन् महिने पालथं पडून राहावं लागेल." शाळा उघडायला दीड महिना होता. मला काही झालं तरी वर्गात परत जायचं होतं. घरात बसून डोकं फिरायची वेळ आली होती.

हे काकांच्या कानावर गेलं. झालं! "वर्ध्याकडचा माणूस फोमवर बसन? आमी मेलो काय?" त्यांनी कापूस स्वतः निवडला, समोर उभं राहून पिंजून घेतला, उशी शिवून घेतली आणि नवरी आणावी तशी घरी आणली. मी बसलो. राजासारखं वाटलं. म्हणजे वाटलं काहीच नाही, पण चेहरा तसा केला.

आठव्या दिवशी अंघोळ घालताना माझ्या बायकोला, सुनंदाला, मागे लाल डाग दिसला. दाबला तरी जाईना. उशीतला कापूस दबून दबून दगड झाला होता. मला लगेच खाटेवर पालथं टाकलं.

काकांनी ऐकलं आणि उशीला चिमटासुद्धा न काढता निघून गेले. हे आक्रीतच! दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ध्याच्या दुकानातून तीन उशा वापरून बघायला आणल्या.

"मास्तर, तू तं पडून आहे. खुर्ची दे."

"काका, तुम्ही बसून काय होणार?"

"तुह्या ढुंगणाले विचारून फायदा नाई. माह्याले विचारतो."

मग अंगणात जे चाललं ते मी खिडकीतून आ वासून बघत होतो. काकांनी गमछ्याने स्वतःचे पाय खुर्चीला बांधले. हलायचं नाही, उठायचं नाही. उठावं लागेल म्हणून चहासुद्धा बंद, आणि चहाशिवाय काका म्हणजे काय ते अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. रोज एक उशी, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. निकाल तिथूनच ओरडून. फोम: "सकाळी मस्त, दुपारी भट्टी!" जेल: "थंड आहे बाप्पा, पण पुढं घसरून राह्यलो!" तिसरी हवेची: "मले उंटावर काऊन बसवलं?"

पण तिला त्यांनी सोडलं नाही. थोडी थोडी हवा काढायची, खाली हात घालून हाड तळाला टेकतं का ते चाचपायचं. मास्तरला फळ्यावर लिहावं लागतं म्हणून खडू घेऊन हात उंच करून आमच्या भिंतीवर लिहायचं. पहिल्यांदा असे कलंडले की सुनंदाने धरलं म्हणून वाचले. दुपारपर्यंत भिंतीवर सगळी बाराखडी झाली आणि काका ताठ बसलेले होते. एवढी जिद्द मी जन्मात पाहिली नाही.

फिजिओताई घरी बघायला आल्या आणि हसल्या. "काका, उशी सरांच्याच मापाने बघावी लागते." त्यांनी ती माझ्या वजनाप्रमाणे बसवली, पण निवड तीच ठेवली. डाग गेला. शाळा उघडली त्या दिवशी मी फळ्यासमोर होतो.

पण चौथ्या दिवसाचं सांगायलाच हवं. हवेची उशी ठरली तरी दुसऱ्या दिवशी काका पुन्हा हजर. सुनंदाला म्हणाले, "आता माही कापसाची आण." मी मनात म्हटलं, घ्या, म्हाताऱ्याचं खूळ परत आलं, आता कापूसच कसा खरा ते सांगणार. त्या दिवशी मात्र ओरडणं नाही, निकाल नाही. संध्याकाळी सुनंदाने गमछा सोडला, तर काकांना उठता येईना. तिचा हात धरून माझ्या खाटेपाशी आले आणि पायथ्याशी बसले. चिमटाबिमटा काही नाही, नुसते बसले.

"दुखलं रे," म्हणाले. "दहा वाजतापासूनच दुखून राह्यलं होतं."

"मग उठायचं ना, काका."

"तुले कुठं उठता आलं? तू तं आठ दिवस हसत बसला होता, पोरा."

आणि तो माणूस माझ्या पायांवर डोकं टेकवून रडला. पायांना काही कळत नाही माझ्या. तरी बराच वेळ मी त्यांना उठा म्हणालो नाही.