कारभारी आबांचा बधिर हगामा

समर्थला दात येत होते आणि त्यामुळे घरात कुणालाच झोप येत नव्हती. सात महिन्यांचं ते पोर हाताला लागेल ते चावत सुटलं होतं. आईचा पदर, आजीच्या बांगड्या, मोबाईलच्या चार्जरची वायर, काही म्हणून सोडत नव्हतं. त्यात आज गावची जत्रा. दुपारी कुस्त्यांचा फड, ज्याला नगरकडे हगामा म्हणतात. आणि हगाम्याचा माईक वर्षानुवर्षं समर्थच्या आजोबांच्या, म्हणजे कारभारी आबांच्या हातात. आबांचा आवाज प्रवरेच्या पलीकडे ऐकू जातो, असं गावातले लोक अभिमानाने सांगत. पलीकडचे लोक त्याची तक्रार करत.

यंदा मात्र मामला जरा नाजूक होता. जत्रा कमिटीतल्या तरण्या पोरांनी राधाकृष्ण नावाचा एक नवा निवेदक राखीव म्हणून बोलावून ठेवला होता. आबांचं वय झालं, मधेच घसा बसला तर पंचाईत नको, असं त्यांचं म्हणणं. हे कानावर आल्यापासून आबांच्या जिवाला घोर लागला होता. माईक एकदा दुसऱ्याच्या हातात गेला की परत येत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यांनीही तो असाच कुणाच्या तरी हातातून घेतला होता.

सकाळी आबा मेडिकलमधून एक ट्यूब घेऊन आले.

"धनश्री, ही धर. पोराच्या हिरड्यांला चोळ. दोन मिन्टात गप व्हतंय बघ."

सुनेने ट्यूब उलटीसुलटी करून वाचली. "आबा, हे बधिर करायचं औषध आहे. लेकराला डोस द्यायला नेलं तेव्हाच पूजा डॉक्टरांनी बजावलंय, असलं काही तोंडात लावायचं नाही म्हणून."

"मग मेडिकलवाला काय येडा हाय व्हय? त्यो म्हनला, सगळेच नेतेत."

"त्याला लेकराचं वय सांगितलं का तुम्ही?"

"दात येतेत म्हनून सांगितलं की. आता दात काय साठाव्या वर्षी येतेत का कुनाला?"

धनश्रीने ट्यूब त्यांच्या हातात परत दिली आणि समर्थला दुसऱ्या कडेवर घेतलं. "काहीही म्हणा. माझ्या लेकराच्या तोंडात हे जाऊ देणार नाही."

आबांना हे लागलं. पाच गावं ज्यांचं ऐकतात त्यांचं घरात कुणी ऐकेना. ते म्हणाले, "मीच लावून बघतो मग. मला काय झालं, तर आज हगाम्यात माईकवरून सांगन, माझी सून बरूबर अन् मी चूक."

"बघा बरं आबा, कबूल केलंय," धनश्री म्हणाली आणि लेकराला अंघोळ घालायला आत गेली. आबा असं काही लावतील यावर तिचा विश्वास नव्हता.

आबा मागच्या खोलीत आरशासमोर उभे राहिले. त्यांचा हिशोब सरळ होता. एवढ्याशा पोराला वाटाण्याएवढं लागतं, तर पोराच्या दहापट वजनाच्या माणसाला दहा वाटाणे. त्यांनी कवळी काढली, वर-खाली दोन्हीकडे भाकरीला लोणी लावावं तसं औषध चोपडलं आणि वरून कवळी घट्ट बसवली. थोडा वेळ काहीच झालं नाही. आबा आरशात बघून समाधानाने हसले, आणि हसू डाव्या बाजूला पोहोचलंच नाही.

तेवढ्यात त्यांची बायको बनुबाई चहा घेऊन आली. आबांनी घोट घेतला. तो ओठांच्या कोपऱ्यातून निघून, हनुवटीवरून, कडक इस्त्रीच्या नेहरू शर्टावर उतरला. आबांना पत्ताच नव्हता. ते मजेत दुसरा घोट घेत होते.

"अहो, च्या सांडतोय सगळा," बनुबाई म्हणाली.

आबांना 'कुठं' असं विचारायचं होतं. बाहेर आला तो घागरीत बोलल्यासारखा घुमा आवाज. जीभ कुठे आहे, कवळी कुठे आहे, काही कळेना. बाहेर हलगी कडाडत होती आणि त्यांना न्यायला आलेला कमिटीचा टेम्पो हॉर्न वाजवत होता. आबांनी ट्यूब खिशात कोंबली, फेटा डोक्यावर ठेवला आणि घशाकडे बोट दाखवून, आवाज राखून ठेवतोय अशी खूण करून टेम्पोत बसले. बनुबाईने कपबशी तिथेच खाली ठेवली. तिच्या थोरल्या भावाचं तोंड असंच एकाएकी वाकडं झालं होतं.

"धनश्री, चल लवकर, ह्यांच्या अंगावरून वारं गेलं वाटतं," ती ओरडली, आणि सासू-सून समर्थला घेऊन टेम्पोमागे जवळजवळ धावत निघाल्या.

आखाड्यात मुंगी शिरायला जागा नव्हती. आबांनी माईक घेतला आणि सवयीने गर्जना केली. कर्ण्यातून निघाला तो रेडकू हंबरल्यासारखा आवाज. फडातले दोन पैलवान एकमेकांना सोडून वर बघायला लागले. आबांनी नेट लावून पुन्हा तोंड उघडलं तर वरची कवळी सुटून माईकवर आपटली आणि तो खणका पाच गावांनी ऐकला.

"पॅरालिसिस," कुणीतरी म्हणालं. मग काय विचारता. कुणी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी तळवे चोळायला घेतले. पैलवानांसाठी आणलेल्या ॲम्ब्युलन्समधून पूजा डॉक्टर धावत आल्या.

"आबा, दोन्ही हात वर करा. छान. आता हसा."

आबा हसले. अर्धेच हसले.

"नाव सांगा बघू." आबांनी सांगितलं. ते कारभारी सोडून दुसरं काहीही असू शकत होतं.

"मला धोका नाही पत्करायचा. ताबडतोब नगरला हलवा," डॉक्टर म्हणाल्या. तिकडे राधाकृष्णाने गॉगल सावरला आणि माईकवर फुंकर मारून "हॅलो, हॅलो" म्हणायला सुरुवात केली.

धनश्री सासऱ्याच्या तोंडाकडे, मग खिशाकडे बघत होती. ती हळूच म्हणाली, "आबा, ती ट्यूब कुठाय?"

आबांनी झटकन मान आखाड्याकडे वळवली. कबूल करावं तर सुनेपुढे आणि साऱ्या गावापुढे नाक कापलं जातं. न करावं तर हगामा इथे आणि आपण नगरला. चौघांनी उचलून त्यांचा एक पाय ॲम्ब्युलन्सच्या पायरीवर ठेवलासुद्धा. राधाकृष्ण म्हणाला, "तर मंडळी, आजपासून तुमच्या सेवेला मी."

'आजपासून' ऐकल्याबरोबर आबांनी खिशात हात घातला आणि ट्यूब सुनेच्या हातावर ठेवली. बनुबाईने कपाळाला हात लावला.

डॉक्टरांनी ट्यूब पाहिली, आबांच्या तोंडात बॅटरी मारली आणि कवळी काढून चुळा भरायला लावल्या. "हा झटका नाही, हे या औषधाचं काम. तुमचं थोड्या वेळात उतरेल, तोवर काही खाऊ-पिऊ नका. पण हे बाळासाठी आणलं होतं?" आबांनी मान खाली घातली. "आबा, एवढंसं लेकरू, ते लाळेबरोबर गिळतं. घसा बधिर होतो, दूध श्वासात अडकू शकतं. फिट येऊ शकते, काळजाचे ठोके बिघडतात. आणि आपल्याला काय होतंय, ते त्याला सांगताही येत नाही."

गेला अर्धा तास आबांनाही काहीच सांगता आलं नव्हतं. त्यांनी सुनेच्या खांद्यावरच्या समर्थकडे पाहिलं. लाळेने चिंब झालेलं ते पोर त्यांना बघून हात पुढे करत होतं. आबांना भडभडून आलं. त्यांनी समर्थला जवळ घेतलं आणि कितीतरी वेळ सोडलं नाही.

शेवटच्या मानाच्या कुस्तीपर्यंत जीभ वळायला लागली. आबा नातवाला कडेवर घेऊनच उठले आणि राधाकृष्णाच्या हातातून माईक काढून घेतला. भिंगारचा आदिल पैलवान आणि शेवगावचा पैलवान सलामी देऊन समोरासमोर उभे होते.

"थांबा जरा," आबा म्हणाले. हलगी थांबली. "माझी सून बरूबर हुती अन् मी चूक. पोरांच्या हिरड्यांला बधिर करायचं औषध लावू नगा. मी लावलं. तुमी बघितलंच." टाळ्या पडल्या. धनश्रीने पदराने डोळे पुसले, पण हसू काही तिला आवरेना.

"मग काय द्यायचं पोरांला?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"ओलं फडकं गार करून चावाया द्यायचं. न्हाईतर सोच्छ बोटानं हिरडी चोळायची, अशी," आबा म्हणाले आणि डॉक्टरांच्या देखत साबणाने धुतलेलं बोट त्यांनी समर्थच्या तोंडात घातलं.

कुस्ती जुंपली. आदिलने पट काढायला खाली वाकता वाकता विचारलं, "आबा, गाजराचा तुकडा दिला तर? आमच्या सुमैरालाबी दात येतेत."

"नको, घशात अडकतो," डॉक्टर खालून ओरडल्या.

आदिलने मान डोलावली, शेवगावकराला उचललं, आता तो पाठीवर टाकणार, एवढ्यात कर्ण्यातून काळजाचा ठोका चुकवणारी किंकाळी आली. आबांची होती. आदिलने दचकून वर बघितलं, पकड सुटली आणि पुढच्या क्षणी तोच चितपट.

फडात गोंधळ माजला. भिंगारकर म्हणाले, हा डाव न्हाई, दगा हाय. शेवगावकर म्हणाले, पाठ लागली म्हंजे लागली. पंच आबांवर चालून आले. "का वरडला तुमी?"

"पोरगं चावलं."

"बिनदाताचं पोरगं चावलं म्हनून येवढं वरडाया काय झालं?"

आबांनी बोट वर केलं. त्यावर बारीकसा लाल वळ होता. धनश्रीने धावत येऊन समर्थचा खालचा ओठ हळूच खाली केला आणि पंचांना खूण करून जवळ बोलावलं. मग हात धुऊन एक पंच आला, त्याच्यामागे दुसरा. मातीने माखलेल्या आदिलला कुणी हात लावू देईना, म्हणून त्याने लांबूनच वाकून पाहिलं. हिरडीतून तांदळाच्या कणीएवढं पांढरं टोक वर आलं होतं. तिन्ही पंचांनी कोपऱ्यात जाऊन मसलत केली.

"दात खरा हाय," मुख्य पंचांनी जाहीर केलं. "कुस्ती परत लावा."

टोप्या उडाल्या. हलगी अशी कडाडली की समर्थ खदखदून हसला आणि त्याने आजोबांचं बोट पुन्हा दोन्ही हातांनी धरून तोंडात घातलं. पैलवानांनी हात मिळवले. सगळा फड आबांकडे बघत होता.

आबांनी माईक राधाकृष्णापुढे धरला.

"आता तू बोल," ते म्हणाले. "माझं बोट गुतलंय."