दगडूआप्पांचा तृणमणी

आमचे शेजारी दगडूआप्पा माणसाच्या तोंडाकडे नंतर बघतात, आधी गळ्याकडे. गळ्यात पिवळा मणी दिसला की संपलं. "काढा जरा," म्हणतात आणि मीठ मागतात. खाऱ्या पाण्यात मणी तरंगला तर तृणमणी, ज्याला कुणी अंबर म्हणतं. बुडाला तर प्लास्टिक. आमच्या कळंब गावात आजवर एकही तरंगलेला नाही.

आप्पा कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये शिपाई होते. निवृत्तीच्या दिवशी तिथल्या मॅडमनी प्रयोगाचा एक खरा मणी त्यांना देऊन टाकला आणि आमच्या नशिबी व्याख्यान आलं. मी आळेफाट्याला दिवसभर स्पेअर पार्ट विकून, एसटीत उभा राहून घरी येतो. चप्पल काढायच्या आत आप्पा मणी पँटीवर घासून कागदाचे कपटे उचलून दाखवतात. "ह्यो दगड न्हाई, राव. झाडाचा चीक हाय, लाखो वर्सं गाडल्याला. रोमच्या बायका ह्याच्यापायी येड्या व्हत्या. राजांनी भिंती मढवल्या, फकिरांनी जपमाळा केल्या." मी हो म्हणतो. हो म्हटलं की लवकर सुटका होते.

माझ्या मुलीच्या साखरपुड्यात मात्र त्यांनी विहीणबाईंच्या दुबईच्या माळेसाठी वाढप्याकडे मीठ मागितलं. माळ सरळ तळाला गेली. "बुडली," आप्पा शांतपणे म्हणाले. विहीणबाई जेवल्या नाहीत. सोयरीक तुटता तुटता राहिली. मला चार वेळा जाऊन हात जोडावे लागले. आप्पांशी मी बोलणंच सोडलं. रागापेक्षा थकव्यानंच.

पण लग्नपत्रिका द्यायला जावं लागलं. दार उघडं होतं. त्यांची बायको, हौसाकाकू, खाटेवर टेकून बसल्या होत्या. वर्षापूर्वी अर्धांगवायूनं त्यांचा डावा हात गेला. आप्पा तो मणी दोन्ही तळव्यांत चोळत होते. मग त्यांनी तो काकूंच्या त्या हातात ठेवला, एकेक बोट मिटवलं आणि विचारलं, "लागतंय का ऊन ऊन?"

"लागतंय की," काकू म्हणाल्या.

आप्पा खुशीत चहा टाकायला आत गेले. मी काकूंना म्हणालो, "हात सुधारतोय की."

"कशाचा सुधारतोय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मला काय बी कळत न्हाई. पण न्हाई म्हनलं की ह्ये जेवत न्हाईत."

आतून आप्पांनी विचारलं, "भाऊ, साखर किती टाकू?"

"कितीबी टाका," मी म्हणालो आणि काकूंच्या शेजारी बसलो.