हरिदास सरांचं मधासारखं ऑइल

"त्यात काय हाय? खालचा नट खोलाचा, जुनं ऑइल सोडाचं, नट आवळाचा आन् वरून नवं ओताचं! चौथीतलं पोरगंबी करन!"

रविवारी सकाळी सात वाजता, हातात पोह्यांची ताटली घेऊन हरिदास गुरनुले सरांनी ही घोषणा केली. समोर ऐकायला त्यांची बायको रंजीता एकटीच होती. पण आवाज असा लावला होता, की भिंतीपलीकडच्या मडाव्यांच्या घरातल्या पालीलाही कळावं, आज गुरनुले सर स्वतःच्या गाडीचं ऑइल स्वतः बदलणार आहेत!

"आजच काऊन पण?" रंजीता म्हणाली. "सर्व्हिसिंगले चार महिने हायेत ना अजून? आन् दुपारी आष्टीले जाचं हाय. रीताचा साखरपुडा हाय, माह्या सख्ख्या काकाची पोरगी हाय थे!"

"म्हणूनच तं! आलापल्लीचे हे रस्ते, ही धूळ, हे गड्डे! दोन सर्व्हिसिंगच्या मधात एकदा ऑइल बदललंच पाह्यजे. समजदार लोक बदलतेत."

समजदार लोक म्हणजे कोण, हे रंजीताला न विचारताच कळलं. समजदार लोक म्हणजे शेजारचा राजदीप मडावी!

गेल्या रविवारी सर बाजारातून वांगी घेऊन येत होते. राजदीपच्या दारासमोर त्याची पांढरी गाडी दोन लाकडी ठोकळ्यांवर पुढचे पाय उचलून उभी होती. राजदीपच्या हातात काळ्याभोर ऑइलचं घमेलं, कपाळावर काळा पट्टा आणि भोवती अर्धी गल्ली! निवृत्त वनरक्षक दादाजी तर असे कौतुकानं बघत होते, की जणू राजदीपनं वाघाचं पिल्लू पाळलं आहे.

"घरीच बदललं काय बे?" दादाजींनी विचारलं.

"होऊन गेलं दादाजी, एका घंट्यात!" राजदीप हसला.

बस! त्या क्षणापासून सरांच्या पोटात जी आग लागली, ती आठ दिवस विझली नाही. पंचायतीत कागदं सरकवणारा हा माणूस! याला ऑइल बदलता येतं आणि बावीस वर्षं गणित शिकवणाऱ्या माणसाला येत नाही? बरं, ते दुःख एकट्यानं गिळावं तर रंजीता रोज फोडणी घालत होती. "राजदीपभाऊची गाडी कशी मऊ चालते, नाई?" सोमवारी. "राजदीपभाऊले सगळं येते वं माय!" बुधवारी. शुक्रवारी राजदीपची गाडी गल्लीतून गेली आणि तिचा आवाजच आला नाही, तेव्हा सर जेवणावरून उठले. त्यांना अन्न जाईना!

शनिवारी त्यांनी साडेतीन लिटरचा नवा डबा आणला. एक पानासुद्धा आणला, राजदीपच्या पान्यापेक्षा चार बोटं लांब.

तर रविवारी साडेआठला सरांची लाल गाडी ठोकळ्यांवर चढली. ठोकळेही राजदीपच्यापेक्षा जाड! सर खाली घुसले. आत अंधार, चिखल, आणि डोळ्यांत पडणारी माती. हाताने चाचपडत गेले तर एक नट लागला. मग आणखी एक लागला! आता आली का पंचाईत? दोन नट असतात हे कोणी सांगितलंच नव्हतं. विचारायला एकच माणूस होता, आणि त्याला विचारण्यापेक्षा सर जन्मभर गाडीखाली राहायला तयार होते.

शेवटी त्यांनी गणिती डोकं लावलं. एक नट तेलकट, मळलेला. दुसरा स्वच्छ. "मळलेला नट कोणी रोज खोलत असन काय? स्वच्छ हाय, थोच बरोबर!" असं म्हणून त्यांनी स्वच्छ नटाला पाना लावला आणि लोंबकळले.

नट सुटला. घमेल्यात ऑइल पडलं. आणि सरांचा विश्वास बसेना! राजदीपचं ऑइल डांबरासारखं काळं होतं. हे तर मधासारखं, सोनेरी, आरपार दिसणारं!

"रंजीता! अवं रंजीता! हे पाय! गाडी कशी ठेवाची, हे शिकावं लोकायनं माह्याकडून!"

रंजीता पदर खोचून आली. "मंग एवढं साफ हाय तं बदलून काऊन राह्यले?"

प्रश्न बिनतोड होता. म्हणून सरांनी तो ऐकलाच नाही. नट आवळला, वरचं झाकण काढलं आणि साडेतीन लिटर नवं ऑइल शेवटच्या थेंबापर्यंत ओतलं. मग ऑइल मोजायची सळई काढून पाहिली. सळईवर दोन खुणा असतात, ऑइल त्यांच्या मध्ये हवं. सरांचं ऑइल वरची खूण ओलांडून सळईच्या मुठीकडे निघालं होतं! कमी असण्यापेक्षा जास्त बरं, असं म्हणून त्यांनी सळई पुसून ठेवली.

काम संपलं, पण समाधान अर्धंच होतं. जोपर्यंत राजदीप बघत नाही, तोपर्यंत त्या ऑइलचा उपयोग काय? सरांनी ते सोनेरी ऑइल एका पारदर्शक बाटलीत भरलं आणि औक्षणाला निघाल्यासारखे शेजारी गेले.

दार ललितानं उघडलं. राजदीपची बायको. हातात कणकेचा गोळा.

"राजदीप कुठी हाय?"

"झोपून हायेत. काऊन भाऊ?"

"हे दाखवाचं होतं." सरांनी बाटली उन्हात धरली. "आमच्या गाडीचं जुनं ऑइल. सहा महिने वापरलेलं! पाहा रंग. राजदीपले म्हणा, गिअर नीट टाकले, ब्रेक जपून मारला, तं ऑइल काळं होत नाई."

ललितानं बाटली हातात घेतली. झाकण उघडून हुंगली. दोन बोटांवर थेंब घेऊन चोळला आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"भाऊ, हे तुमी कुठून काढलं?"

"कुठून म्हणजे? गाडीतून!"

"गाडीतून खरं, पण कोणत्या नटातून? हे इंजिनचं वाटून नाई राह्यलं मले. आज गाडी नोका काढू तुमी. मी हात धुवून येतो, पाहून घेतो जराशी."

सरांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. आहा! जळली! नवऱ्याचं काळं ऑइल आठवलं आणि बाईचा जीव जळला! आठ दिवसांनी पहिल्यांदा त्यांच्या पोटात गार वाटलं.

"असू द्या ललिताबाई," ते मोठ्या मनानं म्हणाले. "होते असं. तुमी पोळ्या करा." आणि बाटली घेऊन ते परतले.

दुपारी एकला गाडी आष्टीच्या रस्त्याला लागली. मागच्या सीटवर लाडवांचा डबा, साडी, नारळ आणि पुढे नवी पैठणी नेसलेली रंजीता. दोन्ही बाजूंनी सागवान. सर शीळ घालत होते.

"आवाज कसला येऊन राह्यला?" रंजीतानं विचारलं.

"कसला आवाज?"

"डुक्कर अडकल्यासारखा."

"नवं ऑइल बसून राह्यलं जागेवर."

थोड्या वेळानं रंजीता मागे वळली आणि तिनं पदर तोंडाला लावला. "अवो, मांगं रस्ताच दिसून नाई राह्यला!"

सरांनी आरशात पाहिलं. खरंच दिसत नव्हता. गाडीच्या मागे निळसर पांढरा धूर असा उसळत होता, की वाटावं जंगलाला वणवा लागलाय! एक मोटरसायकलवाला खोकत खोकत पुढे आला, हात उंचावून काहीतरी ओरडला आणि पळून गेला. सरांनी घाईघाईनं तिसऱ्यातून दुसरा गिअर टाकायला घेतला. आतून असा कर्रर्र आवाज आला, की सागावरची माकडं दुसऱ्या झाडावर गेली! मग गिअर कुठल्याच घरात जाईना. गाडी कडेला कलली आणि थांबली.

"साखरपुडा तीनले हाय!" रंजीता रडवेली झाली. "काकानं मले ओटी भराले बोलावलं हाय! आता मी का सागाची ओटी भरू?"

सर उतरले. बॉनेट उघडून त्यांनी आत अशा गंभीरपणे पाहिलं, की जणू पेपर तपासत आहेत. वीस मिनिटं गेली. आणि मागून, धूर ओसरलेल्या रस्त्यावरून, अजिबात आवाज न करता एक पांढरी गाडी आली.

हे देवा! दुसरं कोणीही पाठवायचं होतंस! अस्वल पाठवलं असतंस तरी चाललं असतं!

राजदीप आणि ललिता चामोर्शीला, तिच्या माहेरी निघाले होते. राजदीप काच खाली करून म्हणाला, "का झालं सर?"

"काई नाई. इंजिन थोडं थंड करून राह्यलो."

तेवढ्यात पलीकडचं दार उघडून ललिता उतरली. तिनं साडीचा काष्टा मारला, गाडीखाली एक गोणपाट अंथरलं आणि सरांच्या देखत सरळ आत सरकली! बाहेर फक्त दोन पाय आणि पैंजण राहिले.

"राजदीप," सर हळूच म्हणाले, "वहिनीले काऊन पाठवलं खाली? तू जा ना!"

"मी?" राजदीप घाबरला. "मले काय समजते त्यातलं? तिच्या बाबाचं चामोर्शीले ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान हाय. लहानपणापासून पान्यायसंग खेळली हाय ती!"

"मंग त्या दिवशी ऑइल..."

"तिनंच बदललं. मी घमेलं उचललं फक्त."

सर रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले. आठ दिवस! आठ दिवस ते चुकीच्या माणसावर जळले होते!

गाडीखालून आवाज आला. "भाऊ, इंजिनच्या नटाले तं तुमी हातबी नाई लावला! तुमी गिअरबॉक्सचं ऑइल सोडलं. थे सोनेरीच असते. आन् इंजिनमधी जुन्यावरच नवं ओतलं, डबल! म्हणून धूर. गिअरबॉक्स कोरडा हाय, आता एक पाऊलबी नोका हलवू."

रंजीतानं नवऱ्याकडे पाहिलं. मग लाडवांचा डबा काढून त्यांच्या हातात दिला.

आलापल्लीकडे निघालेल्या एका ट्रॅक्टरमागे, पुढची चाकं उचलून बांधलेली गाडी परत गेली. सर लाडवांचा डबा मांडीवर घेऊन राजदीपच्या गाडीत मागच्या सीटवर बसले. साखरपुड्याला ते वेळेत पोचले, पण बातमी त्यांच्याआधी पोचली होती! तो खोकणारा मोटरसायकलवाला नवरदेवाचा मामा निघाला. काकानं राजदीप आणि ललितालाही आग्रहानं थांबवून घेतलं, आणि ओटी भरून झाल्यावर सगळ्या बायका ललिताभोवती गोळा झाल्या. ऑइल कोणतं, किती, कधी. आणि सगळ्यात पुढे बसून, डोळे मोठे करून ऐकत होती रंजीता!

मांडवाच्या कोपऱ्यात सर राजदीपजवळ सरकले. आता विचारावंच लागणार होतं.

"तुले वाईट नाई वाटत? बायको गाडीखाली, आन् तू वर?"

"पहिल्या वर्षी वाटलं," राजदीपनं लाडू मोडला. "मंग ध्यानात आलं. ती खाली असली म्हणजे मले कोणी काई काम सांगत नाई. मी घरात जाऊन झोपतो. लय मस्त झोप येते सर, दोन घंटे!"

दोन घंटे! रविवारी दुपारी! सरांना बावीस वर्षांत रविवारची झोप मिळाली नव्हती. पोटात अशी आग उठली, की आधीची आठ दिवसांची आग तिच्यापुढे उदबत्ती!

दोन आठवड्यांनी ललितानं इंजिनमधलं जास्तीचं ऑइल काढून आणि नवीन गिअर ऑइल घालून गाडी चालती केली. गिअरबॉक्स थोडक्यात वाचला होता. त्या रविवारी सरांनी जेवल्याबरोबर उशी काढली, पाना रंजीताच्या हातात दिला आणि गोड आवाजात म्हणाले, "इंजिनचं ऑइल बदलाचं राह्यलं ना अजून? तू तं शिकली म्हणे आता ललिताबाईपासून!"

"हो ना, शिकली!" रंजीता उत्साहानं म्हणाली. "कोणता नट, कुठी पाना लावाचा, सगळं ठाव हाय मले." तिनं अंगणात खुर्ची टाकली, पाना सरांच्या हातात परत दिला आणि गाडीकडे बोट दाखवलं. "तुमी जा खाली. मी वरून सांगतो!"

भिंतीपलीकडे राजदीप घोरायला लागला होता.