त्र्यंबकरावांच्या ढिल्या खुंट्या

एका जंगलात, अजून जिथे कुणी रस्ता रुंद करायला आलेलं नाही अशा जंगलात, त्र्यंबकराव नावाचे एक धनेश राहत होते. धनेश म्हणजे तो मोठ्या पिवळ्या चोचीचा पक्षी. चित्रात पाहिला असेल. नसेल तर आईबाबांना विचारा, त्यांनाही माहीत नसेल.

त्र्यंबकराव स्वभावाने गरीब, पण विसराळूपणा म्हणजे हद्द. ओढ्यावर आंघोळीला जायचे आणि नुसतं पाणी पिऊन परत यायचे. त्यांची बायको मंदाकिनी हे सगळं हसण्यावारी न्यायची. पण त्या वर्षी ते हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही.

त्याचं काय आहे मुलांनो, धनेशांमध्ये बाळंतपणाची एक रीत असते. बायको झाडाच्या ढोलीत जाऊन बसते आणि ढोलीचं तोंड चिखलाने लिंपून टाकते. चोच बाहेर निघेल एवढी फट तेवढी ठेवते. आत तिची पिसं झडतात, अंडी उबतात, पिल्लं होतात. तोवर नवऱ्याने घसा भरून उंबरं आणायची आणि फटीतून भरवायची. तो आला नाही तर आतल्यांनी उपाशी बसायचं. एवढा विश्वास तुमच्या घरात कुणी कुणावर टाकतं का? जाऊ दे.

तर मंदाकिनी ढोलीत बसली, आणि एक दिवस त्र्यंबकराव घशातली सगळी उंबरं शेजारच्या अंजनाबाईंना भरवून आले. त्याही पलीकडच्या झाडावर ढोलीत बसलेल्या. फट सारखीच, चोच सारखीच. मंदाकिनीला दिवसभर उपास घडला. संध्याकाळी त्र्यंबकराव रडवेले होऊन म्हणाले की ढोली ओळखूच आली नाही. मंदाकिनीने आतूनच सांगितलं, आधी डॉक्टर गाठा.

डॉक्टर म्हणजे उदमांजर. ते शहरात एका औषधाच्या दुकानाच्या माळ्यावर राहून आले होते. जंगलात तेवढं शिक्षण पुरतं. त्यांनी त्र्यंबकरावांचं डोकं ठोकून पाहिलं आणि समजावून सांगितलं. मेंदूत खुंट्या असतात. शहरात त्यांना रिसेप्टर म्हणतात. आठवण आली की ती खुंटीवर टांगायची. तुमच्या खुंट्या झाल्यात ढिल्या, म्हणून आठवणी गळून पडतात. ही गोळी थेट खुंट्यांवर जाऊन बसते आणि त्यांना घट्ट करते.

"दुष्परिणाम वगैरे काही?" त्र्यंबकरावांनी विचारलं.

"झालेच तर ते तुमच्या चांगले लक्षात राहतील," डॉक्टर म्हणाले.

गोळी लागू पडली. कुठलं उंबर पिकलंय, कुठला वड कधी पिकणार, त्र्यंबकरावांना सगळं तोंडपाठ. ढोलीतही पोटभर पोचू लागलं. पिल्लं झाली, त्यांनी बाळसं धरलं. डॉक्टरांचं भलं होवो, असं मंदाकिनी येताजाता म्हणायची. म्हणजे बसल्या जागीच म्हणायची.

पण खुंट्या काही उंबरांपुरत्याच घट्ट होत नाहीत. लग्नात सासूबाई कुणाच्या तरी कानात म्हणाल्या होत्या की मुलगा बरा आहे पण चोच वाकडी आहे, ते त्र्यंबकरावांना आठवलं. मामाच्या रानातली उंबरं जास्त गोड होती असं मंदाकिनी कधीतरी बोलली होती, तेही आठवलं. आता दर उंबरामागे एक जुनं गाऱ्हाणं निघू लागलं. मंदाकिनी आधी हसली, मग गप्प बसू लागली, मग तिला घासच गोड लागेना.

एका सकाळी त्र्यंबकराव घसा भरून आले आणि समोरच्या फांदीवरच बसून राहिले. फार वर्षांपूर्वी ढोली शोधताना मंदाकिनी त्यांना म्हणाली होती, "तुम्हाला काय कळतंय." ते आज आठवलं होतं, मानेच्या झटक्यासकट. आधी माफी, मग उंबरं, असं त्यांनी जाहीर केलं.

मंदाकिनीला यातलं काहीही आठवत नव्हतं. तरी तिने माफी मागून टाकली. पण त्र्यंबकरावांना ती मनापासून हवी होती. ऊन चढलं. पिल्लं ओरडून ओरडून थकली आणि गप्प झाली, तशी मंदाकिनी घाबरली. पंखाला पीस नाही, भिंत फोडली तरी उडणार कशी? आत पिल्लांच्या माना लटपटायला लागलेल्या आणि बाहेर हे घसा फुगवून बसलेले. मग तिला संताप आला, आणि संतापात एकदम सुचलं.

ती फटीतून चोच काढून शांतपणे म्हणाली, "अहो, तुम्हाला इतकं बारीकसारीक आठवतं, तर त्या दिवशी अंजनाबाईंकडे नेमकं काय झालं, तेही आठवत असेल."

त्र्यंबकरावांनी मान अंजनाबाईंच्या झाडाकडे वळवली आणि झटकन परत फिरवली.

आठवत होतं. पहिल्याच उंबराला अंजनाबाई म्हणाल्या होत्या की भावोजी, ढोली चुकलात, तुमची ती पलीकडची. पण त्या असंही म्हणाल्या होत्या की आमच्या यांच्यापेक्षा तुमची चोच किती पिवळीधमक आहे. मग त्र्यंबकरावांनी त्यांना दुसरं उंबर भरवलं. घसा रिकामा झाला तेव्हा ते आणखी आणायलाही गेले होते. ही आठवण खुंटीवर इतकी घट्ट बसली होती की हलवून हलेना.

"सांगा ना," मंदाकिनी म्हणाली.

त्र्यंबकराव एका झेपेत ढोलीपाशी आले. "काहीसुद्धा आठवत नाही गं," ते म्हणाले. "सासूबाईंचंही नाही." आणि त्यांनी भराभर भरवायला घेतलं. पिल्लांनी माना वर केल्या आणि मंदाकिनीच्या जिवात जीव आला.

पुढे पिल्लं मोठी झाली, भिंत फुटली, मंदाकिनी बाहेर आली. तिने पंख झाडले आणि आधी शेजारच्या ढोलीकडे एकदा नीट बघून घेतलं. त्र्यंबकरावांना अजूनही काही विचारा, ते मान हलवतात. औषध फुकट गेलं, असं सगळं जंगल म्हणतं. मंदाकिनी मात्र म्हणते, औषध अगदी लागू पडलंय.

तात्पर्य : बुद्धी थोडी वाढली की सगळं आठवतं. पुरती वाढली की काहीच आठवत नाही.