सगुणाबाईंच्या तंबोऱ्याची ग्यारंटी

१९५३ सालच्या पौषात देवासच्या सगुणाबाई मोहिते यांच्या तंबोऱ्याच्या भोपळ्याला तडा गेला. तडा बोटभर होता आणि त्यात कुणाचाच दोष नव्हता. चैत्रात त्यांच्या पाच विद्यार्थिनी गाण्याच्या परीक्षेला बसायच्या होत्या, तरीही सगुणाबाई निश्चिंत होत्या. तंबोरा धारच्या 'श्रीतंतू वाद्यभांडारा'तला होता आणि त्याला दहा वर्षांची ग्यारंटी होती. तीही लेखी!

तंबोरा गोधडीत गुंडाळून, इंदूरला मोटार बदलून, त्या धारला पोचल्या. दुकानाचे मालक तात्यासाहेब स्वतः उठून उभे राहिले. चहा मागवला.

"बाई, संस्थानं विलीन झाली, पण आमची ग्यारंटी विलीन झालेली नाही," ते अभिमानाने म्हणाले. "फक्त एवढं सांगा, तडा गेला तेव्हा वाद्य वापरात होतं का?"

"नाही हो. भिंतीशी उभं होतं."

"अरेरे! कलम चार. न वापरल्याने झालेली हानी ग्राह्य नाही."

"पण सकाळीच मुलींनी वाजवला होता की!"

"अरेरे!" तात्यासाहेब अधिकच कळवळले. "कलम पाच. वापरल्याने झालेली हानी ग्राह्य नाही."

"मग ग्राह्य आहे तरी काय?"

तात्यासाहेबांनी चष्मा पुसला. "कलम सहा. वाद्य सुरात लावते वेळी झालेली हानी. कारण तेव्हा ते वापरातही नसतं आणि बिनवापराचंही नसतं. तसं आमच्या अधिकृत परीक्षकाने लिहून दिलं की झालंच काम."

"परीक्षक कुठे असतात?"

"देवासला. रघुजी म्हणून आहेत."

रघुजी सगुणाबाईंच्याच मागच्या गल्लीत राहत. शाळेची बाकं दुरुस्त करणारा हा सुतार अधिकृत परीक्षक आहे, हे कळायला बाईंना धारला जावं लागलं.

रघुजींनी भोपळ्यावर टिचकी मारली, कान लावला. "देखो बाई, दोन दिवसांचं काम. आतून कापड चिकटवतो, सरस भरतो. एकदम चोखा होऊन जाईल."

"मग चिकटवा ना!"

"कसा चिकटवू? मी परीक्षक. फक्त तपासायचं. दुकानाबाहेर कुणीही हत्यार लावलं की ग्यारंटी खलास. कागदावर छापलंय. मला मराठी वाचता नाही येत, पण तात्यासाहेबांनी वाचून दाखवलंय."

शिवाय नियम असा होता, की तंबोरा आधी सुरात लावावा आणि मगच तपासावा. तडा गेलेला तंबोरा सुरात लागेना. तेव्हा रघुजींनी हिंदीत अहवाल दिला, की वाद्य सुरात लागत नसल्यामुळे तपासणी अशक्य. आधी दुरुस्त करून आणावे.

माघात सगुणाबाई तो अहवाल घेऊन धारला गेल्या. फाल्गुनात त्याचं मराठी भाषांतर घेऊन गेल्या. दर वेळी नवे अर्ज लिहून दिले. दोन्ही वेळा चहा उत्तम होता.

परीक्षेला आठ दिवस उरले, तेव्हा रघुजी सरसाचं भांडं घेऊन दारात येऊन उभे राहिले.

"बाई, मी परीक्षकी सोडली. लाओ तो तंबोरा. पोरींचं नुकसान बघवत नाही."

सगुणाबाईंचा जीव क्षणभर हलका झाला. त्यांनी तंबोरा पुढे केलाही. मग तीन हेलपाटे आठवले, सात अर्ज आठवले आणि हात आपोआप मागे आला.

"नको रघुजी. एवढं सगळं केल्यावर ग्यारंटी घालवायची? अजून चार वर्षं शिल्लक आहेत तिची."

मुली तंबोऱ्याविना गायल्या. सगळ्यांत गोड गळ्याची इंदू पहिल्याच आलापात षड्जावरून घसरली ती सावरलीच नाही. पाचांतल्या दोघी पास झाल्या. इंदू दुसऱ्या दिवसापासून शिकवणीला आली नाही. बाईंनी दोनदा बोलावणं धाडलं. तिसऱ्यांदा धाडायचा धीर झाला नाही.

वैशाखात धारहून रजिस्टर पत्र आलं. 'आपल्या अर्जांचा सहानुभूतिपूर्वक विचार होऊन विनामूल्य दुरुस्ती मंजूर करण्यात येत आहे. वारंवार हाताळल्यामुळे आपले ग्यारंटीपत्र घड्यांवर विरल्याचे आढळून आले. सबब जाड कागदावरील नवे पत्र सोबत जोडले आहे. तंबोऱ्याबाबत कलम चार व पाच पाहावे.'

सगुणाबाईंनी पत्र दोनदा वाचलं. डोळ्यांना पदर लावला. मग रघुजींकडून चौकट करवून घेऊन नवं ग्यारंटीपत्र दर्शनी भिंतीवर टांगलं.

आल्यागेल्याचं लक्ष तिकडे जातंच. तो सगळी हकीगत ऐकतो, हळहळतो, तात्यासाहेबांना चार शिव्या हासडतो. मग चपला घालताना दाराशी घुटमळतो आणि आवाज खाली आणून विचारतो,

"पण लेखी देतात म्हणालात ना? पत्ता काय त्यांचा?"

तुम्हालाही हवा असेल, तर धारमध्ये कुणालाही विचारा. मात्र जरा लवकर जा. रांग असते.